हात कुठे अडतो? पासबुकाच्या यंत्रापाशी बसून माणूस आणि यंत्राचा अभ्यास कसा करावा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत दाराजवळच पासबुक छापून देणारं यंत्र होतं. साठीच्या एक मावशी आल्या. पिशवीतून पासबुक काढलं, प्लास्टिकच्या कव्हरातून सोडवलं आणि यंत्राच्या फटीत सरकवलं. यंत्राने ते बाहेर ढकललं. मावशींनी पासबुक फिरवून पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा घालण्याआधी त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतलं, कोणी बघत तर नाही ना. मग दारावरचे वॉचमन काका उठले. त्यांनी पासबुक हातात घेतलं, शेवटचं छापलेलं पान उघडलं, बारकोडची बाजू खाली केली आणि आत सरकवलं. छापून झालं. मावशी म्हणाल्या, "मी अडाणी बाई, मला कुठलं जमायला."

यंत्राच्या नोंदीत हा व्यवहार 'यशस्वी' म्हणून जमा झाला असणार. काकांचा हात त्या नोंदीत कुठेच नाही. मावशींनी स्वतःला लावून घेतलेला 'अडाणी' हा शब्दही नाही. माणसं यंत्रं कशी वापरतात याचा अभ्यास मी करते तो नोंदीत न उतरणाऱ्या या गोष्टींसाठी. डिझाइन, संगणक, समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलांना, आणि आपल्या कार्यालयातलं यंत्र लोकांना का जमत नाही हे शोधू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती सगळी वाट इथे पायरी-पायरीने लिहिते. उदाहरण शेवटपर्यंत पासबुकाच्या यंत्राचंच ठेवते. तिकिटाचं यंत्र असो, दवाखान्यातलं टोकन असो की शेतातल्या पंपाचा मोबाइल स्टार्टर, क्रम तोच राहतो: आधी हात पाहायचे, मग बोलणं ऐकायचं, आणि आकडे शेवटी मोजायचे. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. आधी प्रश्नावली छापतात, आणि मग ती भरायला माणसं शोधत हिंडतात.

पहिली पायरी: प्रश्न माणसाच्या बाजूने मांडा

"यंत्र चांगलं आहे का?" या प्रश्नाला उत्तर नाही. कोणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत, हे ठरल्याशिवाय 'चांगलं' या शब्दाला अर्थ येत नाही. उपयोगसुलभतेचं, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी याचं, आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगतं. ठरावीक माणसं, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक परिस्थिती धरून तीन गोष्टी तपासायच्या: काम पुरं झालं का, त्याला किती वेळ आणि कष्ट पडले, आणि माणूस समाधानाने बाहेर पडला का.

आमचा प्रश्न आम्ही असा लिहिला: "हे यंत्र पहिल्यांदाच वापरणाऱ्या खातेदाराला कोणाच्याही मदतीशिवाय पासबुक भरून घेता येतं का, आणि येत नसेल तर हात नेमका कुठे अडतो?" असा प्रश्न कागदावर आला की पद्धत अर्धी ठरलीच. 'कुठे अडतो' हे पाहूनच कळतं. 'किती जण अडतात' याला मोजणी लागते, आणि 'का अडतात' याला पाहणं आणि बोलणं दोन्ही लागतात.

उद्दिष्टाच्या बाबतीत मात्र आपला अंदाज हमखास चुकतो. यंत्र बसवणाऱ्याला वाटतं, लोक पासबुक छापायला येतात. बाकावर बसून दोन सकाळी ऐकल्यावर कळलं की कित्येक बायका 'लाडकी बहीण'चे पैसे जमा झाले का एवढंच बघायला आल्या आहेत. छपाई हा त्या उत्तराकडे जायचा रस्ता, आणि तोही अवघड. कारण छापून आलेल्या ओळीत इंग्रजी आद्याक्षरं असतात. 'डीबीटी' म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात आलं, हे त्या ओळीवरून किती जणींना कळणार? म्हणून पासबुक हातात आल्यावरही त्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. यंत्राने काम केलं, तरी बाईंचं काम झालेलं नसतं. हा फरक घरी बसून लिहिलेल्या कुठल्याही प्रश्नावलीत उतरला नसता.

दुसरी पायरी: जागेवर जाऊन बसा

शाखाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत खिशात ठेवा. बँकेत वही घेऊन तासभर बसलेल्या अनोळखी माणसाकडे लोक संशयाने बघतात, आणि ते योग्यच आहे. विचारल्यावर लगेच खरं सांगा: "या यंत्रात लोकांना काय अडचण येते ते बघतेय." लपून निरीक्षण करू नका.

दिवस निवडताना त्या जागेचं पंचांग बघा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर येतात. योजनेचा हप्ता पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी दारात गर्दी होते. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांची माणसं एसटीने येतात, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून घाईत असतात. सुट्टीनंतरचा दिवस निराळाच. एकाच दिवशी आठ तास बसण्यापेक्षा चार निरनिराळ्या दिवशी दोन-दोन तास बसलेलं कितीतरी बरं.

यंत्राच्या मागे किंवा शेजारी उभं राहू नका. रांगेतली माणसं बसतात त्या बाकावर, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील अशा कोपऱ्यात बसा. वहीचं पान उभं दुभंगा. डावीकडे फक्त दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. डावीकडे असं: "११.०४. पासबुक बंद ठेवून घातलं. बाहेर आलं. स्क्रीनकडे पाहिलं नाही, फटीकडेच पाहत होते. मागच्या मुलाने 'उघडून घाला' सांगितलं." उजवीकडे: "स्क्रीन डोळ्यांच्या वर, फट कमरेशी. सूचना वर, हात खाली, म्हणून सूचना दिसतच नसेल?" सुरुवातीला ही शिस्त जड जाते. 'गोंधळले', 'घाबरले' असे शब्द डावीकडे आपोआप घुसतात. ते खोडा आणि तुम्हाला गोंधळ कशावरून दिसला ते लिहा. हात थांबला? मागे पाहिलं? एकच बटण दोनदा दाबलं? महिन्याभराने वही उघडाल तेव्हा उपयोगी पडेल ते डावीकडचंच.

माणसांइतकंच यंत्राच्या अंगावर काय आहे तेही बघा. आमच्या यंत्रावर वॉचमन काकांनी मार्करने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: "पान वर, पट्टी खाली." कडा मळलेल्या, एक कोपरा फाटून पुन्हा टेपने जोडलेला. असा कागद म्हणजे कोणीतरी फुकट करून ठेवलेलं संशोधन. किती वेळा एकच गोष्ट सांगून तोंड दुखल्यावर माणूस असा कागद लिहितो! कुठल्याही कार्यालयात गेलात की हस्तलिखित सूचना, बटणावरची पुसट झालेली अक्षरं, कोणीतरी रंगाने केलेली खूण यांचे फोटो आधी काढा.

नवे विद्यार्थी हमखास विचारतात: कोणी अडलं तर मदत करायची का? शिस्त सांगते, थोडं थांबा. पण उन्हातून आलेल्या आजोबांची गाडी चुकत असेल तर वही बाकावर ठेवा आणि उठा. तेवढी एक नोंद अर्धवट राहिली तरी चालेल. अभ्यास त्यांच्यासाठीच चाललाय.

तिसरी पायरी: शिष्य होऊन विचारा

पाहून झाल्यावर बोलायचं. ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी रुजवलेल्या पद्धतीत संशोधक शिकाऊ असतो आणि वापरणारा उस्ताद. मुलाखत खोलीत बसून घ्यायची नसते. काम चालू असतानाच, त्या जागी, मध्ये मध्ये विचारायचं. आपल्याकडे हे नातं समजावून सांगावं लागत नाही. "काकू, तुम्ही करा, मी बघून शिकते" एवढं म्हटलं की काकू खुलतात.

प्रश्न झालेल्या प्रसंगाबद्दल विचारा, सवयीबद्दल विचारू नका. "तुम्ही साधारण काय करता?" याला माणूस आपलं बरं चित्र उभं करतो. "मागच्या वेळी आला होता तेव्हा काय झालं होतं?" याला घडलेलं सांगतो. "तुम्हाला मोठी अक्षरं हवीत का?" या प्रश्नात उत्तर दडलेलं आहे, हो म्हणण्याशिवाय समोरच्याला दुसरा रस्ताच नाही. त्यापेक्षा स्क्रीनवर बोट न ठेवता म्हणा, "इथे काय लिहिलंय ते मला सांगाल?" आणि थांबा. थांबणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. चार-पाच सेकंदांची शांतता आपल्याला खूप लांब वाटते, पण खरी उत्तरं बहुतेक त्यानंतरच येतात.

वॉचमन काकांशी वेगळं बोला. रोज किती जणांना मदत करावी लागते, कुठल्या चुका पुन्हा पुन्हा होतात, कागद कधी लिहिला. शाखेत यंत्राविषयी सगळ्यात जास्त ठाऊक असलेला माणूस तोच, आणि त्याला कोणी कधी विचारलेलं नसतं.

'माझंच चुकलं' ऐकताना

मावशींच्या 'मी अडाणी'कडे इथे परत येते, कारण या विद्येची सुरुवातच त्या शब्दांना उत्तर देण्यातून झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बाँबफेकी विमानं उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकं मिटून टाकत आणि विमान पोटावर आपटे. दोष वैमानिकाच्या माथी जाई. १९४३ साली मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपनिस यांनी कॉकपिट पाहिलं. दोन्ही कळी शेजारीशेजारी आणि हाताला सारख्याच लागणाऱ्या होत्या. त्यांनी चाकांच्या कळीला चाकाचा आकार दिला आणि झडपांच्या कळीला झडपेचा. अंधारात, दमलेल्या हातालाही फरक कळू लागला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून गणलेले ४६० प्रसंग तपासले, तेव्हा त्यांतही यंत्राच्या रचनेतूनच पिकलेल्या चुका जागोजाग सापडल्या.

म्हणून वहीत "वापरणाऱ्याने पासबुक उलटं घातलं" असं लिहू नका. "उलटं पासबुकही फटीत सहज शिरतं, आणि बाहेर आल्यावर का आलं ते कळत नाही" असं लिहा. वाक्याचा कर्ता बदलला की उपायही बदलतो. पहिल्या वाक्यातून 'लोकांना प्रशिक्षण द्या' निघतं, दुसऱ्यातून फटीजवळ उघड्या पासबुकाचं चित्र.

चौथी पायरी: चाचणी घ्या

निरीक्षणातून शंका हाती आल्या की मोजक्या लोकांबरोबर नीट चाचणी घ्यायची. आधी टास्क, म्हणजे माणसाला करायला द्यायचं काम, लिहा. "पासबुक बारकोड खाली ठेवून घाला आणि भाषा निवडा" हा टास्क नाही, ती उत्तरपत्रिका झाली. टास्क असा: "या खात्यात गेल्या आठवड्यात पैसे आले का, ते यंत्राकडून बघून मला सांगा." यंत्रावरचे शब्द टास्कमध्ये येता कामा नयेत.

माणसं किती हवीत? 'पाच पुरेत' असं सगळीकडे ऐकू येतं. त्यामागे जेकब नीलसन आणि टॉमस लँडावर यांचं १९९३ सालचं गणित आहे. एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाचही जणांत ती न दिसण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण १६ टक्के. म्हणून पाच जणांत ८४ टक्के अडचणी सापडतात. पण हे सगळं त्या ३१ टक्क्यांवर उभं आहे. दहातल्या एकालाच येणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के, आणि पंधरा जण घेतले तरी ७९. शिवाय तो आकडा एकसारख्या वापरकर्त्यांचा आहे. पेन्शनर आजोबा, हप्ता बघायला आलेली ताई आणि कॉलेजातला मुलगा हे एक गट नव्हेत. माझा रिवाज असा: प्रत्येक गटातले पाच, सापडलेलं दुरुस्त करायचं, मग पुन्हा नवे पाच. पंधरा जण एकदम घेण्यापेक्षा तीन खेपांत घेणं जास्त फळतं. आणि माणसं निवडताना शाखाधिकाऱ्यांनी आणून दिलेले 'हुशार' खातेदार नम्रपणे नाकारा.

खऱ्या चाचणीआधी एक रंगीत तालीम हवीच. ऑफिसातल्या शिपाईकाकांवर किंवा शेजारच्या काकूंवर सगळी चाचणी एकदा चालवून बघा. अर्धे टास्क तिथेच बदलावे लागतात.

मोठ्याने विचार करायला लावणं

चाचणीत माणसाला सांगायचं की करता करता मनात जे येतंय ते बोलत राहा. या 'थिंक अलाउड' पद्धतीचा पाया अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी घातला, आणि १९८२ मध्ये आयबीएमच्या क्लेटन लुइस यांनी ती संगणकाच्या चाचण्यांत आणली. एरिक्सन-सायमन यांचा मुख्य इशारा आजही पाळण्यासारखा आहे: करत असताना 'का' विचारू नका. 'का' म्हटलं की माणूस कारण जुळवू लागतो, आणि त्याची काम करायची रीतच बदलते. 'का' नंतरसाठी राखून ठेवा.

आपल्याकडे स्वतःशी मोठ्याने बोलायला लोक लाजतात. "लोक म्हणतील याला वेड लागलंय," असं एका काकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून आधी एक सोपा सराव करून घ्या: "काका, तुमच्या घरात खिडक्या किती? मोजताना मला ऐकू येईल असं बोला." मग काका "पुढच्या खोलीत दोन, माजघरात एक, न्हाणीत झरोका, तो धरायचा का?" असं म्हणत मोजतात, आणि जीभ सुटते. चाचणी चालू असताना तुमचे शब्द मोजकेच असावेत: "हं, बोला." "आता काय बघताय?" 'बरोबर', 'छान', 'हां, तेच' हे शब्द जिभेवर येऊ देऊ नका, आणि मान तर मुळीच डोलवू नका. माणूस स्क्रीनपेक्षा तुमचा चेहरा वाचत असतो.

एकट्याने बोलणं जमत नसेल तर दोघांना एकत्र बसवा. नाओमी मियाके यांनी १९८६ मध्ये शिलाई यंत्राचा टाका कसा पडतो हे दोघादोघांना मिळून उलगडायला लावलं होतं. एकाचा समज दुसऱ्याला पटत नाही, म्हणून दोघंही आपापला विचार शब्दांत मांडतात. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन यांनीही कॉपी काढायच्या मोठ्या यंत्रासमोर लोकांना जोडीने उभं करून चित्रण केलं. त्यांतल्या एका जोडीत दोन नामांकित संगणकशास्त्रज्ञ होते, आणि पाठपोट प्रती काढताना तेही अडखळले. कोणी स्वतःला अडाणी म्हणवून घेऊ लागलं की मी ही गोष्ट सांगते. जोडी निवडताना दोन मैत्रिणी, दोन जावा, दोन शेजारी घ्या. सासू-सून किंवा साहेब आणि कारकून घेतलेत तर एकच जण बोलेल.

'छान आहे' या उत्तराचं काय करायचं

पाहुण्याने विचारलं तर भाजीत मीठ कमी असलं तरी आपण 'छान झालीय' म्हणतो. संशोधकाला मिळणारं 'छान' त्याच जातीचं असतं, आणि याला मोजून मिळालेला पुरावा आहे. बंगळुरूमध्ये निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी ४५० मुलाखती घेतल्या आणि तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दोन सारख्याच वस्तूंपैकी एक मुलाखतकाराने बनवली आहे असं कळलं, की लोक ती पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट झाली. मुलाखतकार परदेशी आणि दुभाष्यासह आलेला असेल तर पाच पट!

यावर माझे तीन उपाय आहेत. पहिला, "हे मी केलेलं नाही, दुसऱ्यांनी केलंय, आणि चुका सापडल्या तर त्यांना बरंच वाटेल" असं सुरुवातीलाच सांगा. ते खरं नसेल, तर खरं असेल अशा माणसाला चाचणी घ्यायला बसवा. दुसरा, मत विचारूच नका, तुलना करायला लावा: "या दोनपैकी आईसाठी कुठलं ठेवाल?" तिसरा उपाय अपाला लाहिरी चव्हाण यांचा, आणि तो मला फार आवडतो. त्यांनी 'बॉलिवूड' पद्धत काढली. सहभागी व्यक्तीला नाट्यमय प्रसंगात उभं करायचं: तुमच्या भाचीचं लग्न ज्याच्याशी ठरलंय तो भाडोत्री मारेकरी आहे आणि त्याचं आधीच लग्न झालंय, पुरावा तुमच्या हातात आहे, त्याच्या बायकोला घेऊन बंगळुरूला जायचंय, या वेबसाइटवर विमानाचं तिकीट लगेच काढा. भिडस्तपणा गळून पडतो, आणि वेबसाइट अडली की माणूस तिच्यावर मोकळेपणाने चिडतो. पासबुकासाठी आम्ही साधंच नाट्य घेतलं: "नातीच्या फीचा आज शेवटचा दिवस, हप्ता आलाय का ते पाच मिनिटांत कळायला हवं, बाहेर रिक्षा थांबलीय."

पाचवी पायरी: आता मोजा

काम पुरं होण्याचं प्रमाण, लागलेला वेळ, चुका आणि मदतीची संख्या, एवढं पुरे. 'मदतीने पुरं' आणि 'स्वतः पुरं' हे वेगळे रकाने ठेवा. नाहीतर काकांचा हात पुन्हा यंत्राच्या खात्यावर जमा होईल.

समजा दहापैकी आठ जणांना जमलं. अहवालात '८० टक्के यश' लिहायचा मोह होतो. पण एवढ्या लहान नमुन्यात ९५ टक्के विश्वासाने इतकंच म्हणता येतं की खरं प्रमाण सुमारे ४८ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. हा पट्टा आकड्याबरोबर छापा. वेळेचंही तसंच. समजा पाच जणांना ४८, ५५, ६१, ७० आणि २४० सेकंद लागले. सरासरी जवळजवळ ९५ येते, पण ९५ च्या आसपास एकही माणूस नाही. मधला आकडा, ६१, जास्त खरं सांगतो. २४० सेकंदवाल्या माणसाला मात्र आकड्यात विरघळू देऊ नका, त्याची गोष्ट स्वतंत्र लिहा.

समाधान मोजायला जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा वाक्यांची 'सस' (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण: १ म्हणजे मुळीच पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या वाक्यांचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. समजा विषम वाक्यांचे गुण ४, ३, ४, ४, ३ आले. त्यांचे झाले १३. सम वाक्यांचे २, ३, २, ४, २ आले, त्यांचे १२. बेरीज २५, निकाल ६२.५. हे टक्के नव्हेत. अनेक यंत्रांचा मिळून सरासरी निकाल ६८ च्या आसपास येतो, म्हणून ६२.५ हे सरासरीच्या थोडं खालीच.

मराठीत वापरताना खरी परीक्षा भाषांतराची. सम क्रमांकाची वाक्यं यंत्राच्या विरुद्ध बोलणारी आहेत. "हे यंत्र वापरणं मला कटकटीचं वाटलं" या वाक्याला 'मुळीच पटत नाही' म्हणजे यंत्र चांगलं, हा दुहेरी नकार आजींना वाचून दाखवताना हमखास उलटा बसतो. आम्ही प्रश्न दोन टप्प्यांत विचारतो. आधी "कटकटीचं वाटलं की नाही?" मग, "थोडं का फार?" या दोन उत्तरांवरून आम्हीच पाचपैकी खूण करतो. भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही ताडून पाहावीत. 'प्रणाली', 'सुसंगती' असे शब्द आले की समजा, भाषांतर अजून झालेलं नाही.

दोन रचनांची तुलना करायची असेल तर प्रयोग मांडावा लागतो. एकाच माणसाला दोन्ही द्यायच्या, अर्ध्यांना आधी पहिली आणि अर्ध्यांना आधी दुसरी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच रचनेला मिळत नाही. पण बारकोड कुठल्या बाजूला हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही. अशा ठिकाणी दोन वेगळे गट करा, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवा.

संमती आणि पासबुकातली शिल्लक

हा भाग इतक्या उशिरा लिहिला तरी कामात सगळ्यात आधी येतो. पासबुक म्हणजे माणसाची झाकली मूठ. त्यात मुलाने पाठवलेले पैसे असतात, सोनेतारणाचा हप्ता असतो, कधी घरच्यांनाही ठाऊक नसलेली शिल्लक असते. म्हणून चाचणीला चाचणीचीच पासबुकं आणि चाचणीचंच खातं बँकेकडून मागून घ्या. कॅमेरा हातांवर ठेवा, चेहरा आणि आकडे टाळा. संमतीचा कागद मराठीत, बोलीच्या जवळचा असावा आणि तो वाचून दाखवावा: काय करणार, काय टिपणार, किती दिवस ठेवणार, कधीही उठून जाता येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यालाही मोकळेपणाने दिलेली, समजून दिलेली आणि मागे घेता येणारी संमती लागते. अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. "तुम्हाला काय समजलं ते मला सांगा" असं विचारा, सांगता आलं तरच पुढे जा. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन चाचणी अर्धवट सोडली तरी द्यायचं, आणि हेही आधीच सांगायचं.

सहावी पायरी: चिठ्ठ्या, क्रम आणि परत भेट

वहीतली प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर उतरवा. भिंतीवर लावा आणि सारख्या वाटतील त्या जवळ आणा. गटांना नावं आधी देऊ नका. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची ही रीत आहे. निदान दोघांनी मिळून करावी, कारण एकाच माणसाच्या डोक्यात गट आधीच तयार असतात. मग प्रत्येक अडचणीला तीन प्रश्न विचारा: किती जणांना आली, आल्यावर काम अडलं का, आणि एकदा कळल्यावर पुन्हा येते का. यावरून क्रम लागतो. आमच्याकडे 'पासबुक का बाहेर आलं ते यंत्र सांगत नाही' हे पहिलं आलं आणि 'नोंदी वाचता येत नाहीत' दुसरं. स्क्रीनच्या रंगाबद्दल बैठकीत फार चर्चा झाली होती, तो यादीत जवळजवळ तळाला गेला.

अहवाल लहान ठेवा आणि सोबत मिनिटभराचं चित्रण जोडा: हात पासबुक घालतोय, ते बाहेर येतंय, हात पुन्हा घालतोय. चाळीस पानांनी जे होत नाही ते या एका मिनिटाने होतं. दुरुस्ती झाल्यावर परत जायचं, महिन्याच्या त्याच पहिल्या आठवड्यात, त्याच बाकावर, तीच दुभंगलेली वही घेऊन.

आम्ही परत गेलो तेव्हा फटीच्या अगदी वर उघड्या पासबुकाचं मोठं चित्र लागलेलं होतं. पासबुक बाहेर आलं की स्क्रीनवर मराठीत कारणही येत होतं. मी आधी काकांचा कागद शोधला. तो अजून तिथेच होता. "काढला नाहीत?" मी विचारलं. काका म्हणाले, "राहू द्या मॅडम. अजून दोन-तीन जणं विचारतातच." वहीच्या डाव्या बाजूला मी तेवढंच लिहिलं, वेळ टाकली आणि बाकावर जाऊन बसले.